चौथी बाजू पऱ्हाट्यांची

कोंबड्यांना अंगण बांधून द्यायचं असतं, हे माझ्या सासरी सात पिढ्यांत कुणी ऐकलं नव्हतं. गावरान कोंबडी सकाळी डाल्याखालून काढली की मोकळी. ती उकिरडा उकरील, शेजारणीच्या वाळवणात चोच घालील, दोन ढेकळं अंगावर घेईल आणि दिवेलागणीच्या आत आपल्या पायांनी घरी येईल. सगळं गावच तिचं अंगण. म्हणून तालुक्याच्या कचेरीतले साहेब जेव्हा म्हणाले, की या नव्या पांढऱ्या कोंबड्या मोकळ्या सोडायच्या नाहीत, घरामागे चारी बाजूंनी बंद आणि वरून झाकलेली जागा कराल तरच देऊ, तेव्हा माझी सासू तोंडाला पदर लावून हसली.

"मानसाले धड घर नाही आन कोंबडीले बंगला पाह्यजे म्हनते," ती म्हणाली.

हसायचे दिवस तेवढेच होते.

जऊळका स्टेशनपासून कोसभर आत आमचं गाव. सत्तरच्या दशकातली गोष्ट, दुष्काळ सरून थोडी वर्षं झाली होती आणि माझ्या लग्नाला दोन. माझे मालक त्याच कचेरीत शिपाई होते. घरात सासू, सासरे, मालक, मी आणि माझा धाकटा दीर. दिरांना मी भाऊजी म्हणायची. भाऊजी स्टेशनवर हमाली करायचे, सरकीची पोती आणि कापसाच्या गाठी मालगाडीत चढवायचे. काम पहाटे आणि संध्याकाळी. दुपारी ते घरी असायचे. हे दुपारी घरी असणंच पुढे त्यांच्या अंगावर आलं, म्हणून आताच सांगून ठेवते.

कोंबड्या कुणाला द्यायच्या हे ठरवायला चावडीवर बैठक झाली. साहेबांच्या मनात आमची वस्ती होती, नाल्याच्या खालच्या अंगाची, बौद्धांची. धर्म बदलून वीसेक वर्षं होत आली होती, पण गावाची जीभ काही बदलली नव्हती. एक चांगला वावरावाला, मान असलेला माणूस सगळ्यांदेखत म्हणाला, "सायेब, यायले कोंबड्या देनं म्हंजे मांजराले दूध राखाले देनं. पुढच्या बाजारापर्यंत साऱ्या हंडीत जातीन."

लोक हसले. साहेबही हसले, पण तोंड फिरवून. माझे मालक तिथे पाण्याचे ग्लास घेऊन उभे होते. कचेरीत ज्यांचा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता त्या माणसाने ग्लासांचं ताट खाली ठेवलं आणि म्हटलं, "सायेब, माह्या घरी द्या. माह्या घरच्यानं एक बी कोंबडी खाल्ली असं निघालं, तर मी नोकरी सोडतो."

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. आमच्या घरात महिन्याला येणारा पैसा म्हणजे तोच एक, आणि तो यांनी कोंबडीच्या पायात बांधून ठेवला! कोंबडीला रोग होतो, तिला घार नेते, ती मरायचीच जात. मी तसं बोलूनही दाखवलं.

"मेली तर दाखवता येते," ते म्हणाले. "गायब झाली तर काय दाखवू? गायब होऊ द्याची नाही, बस."

उखळात डोकं घातलंच होतं.

जागा ठरली घरामागची, आमच्याकडे जिला सांदवाडी म्हणतात ती. एका अंगाला घराची मातीची भिंत, वर कडुनिंबाची सावली. भाऊजींनी सबलीने, म्हणजे पहारीने, खड्डे केले आणि बाभळीचे डांब रोवले. आम्ही बायका तुराट्यांच्या ताट्या विणायला बसलो. तुरीची वाळकी काडी काडीला भिडवून अंबाडीच्या सुतळीने आवळायची, मधे बोट जाईल एवढीही फट ठेवायची नाही. ताट्यांच्या बुडाशी चर खणून भाऊजींनी त्यात बोरीच्या काट्या दाबल्या आणि वरून मुरूम चोपला, म्हणजे कुत्र्याने उकरलं तर त्याचंच नाक फुटेल. घारीसाठी सासऱ्यांनी ओट्यावर बसून सुतळीचं जाळं विणलं. मोडक्या बाजेच्या सांगाड्याला ताटी बांधून दार केलं. कोंबड्या राखेत लोळून अंग साफ करतात म्हणून एका कोपऱ्यात चुलीची राख टाकली, फुटक्या माठाचं बूड पाण्यासाठी ठेवलं आणि भिंतीला लागून रात्रीचं खुराडं बांधलं. इतकं नेटकं माझं स्वतःचं स्वयंपाकघर नव्हतं.

तीन बाजू झाल्या आणि तुराट्या संपल्या.

चौथ्या बाजूला आमची पऱ्हाट्यांची गंजी होती. कापूस वेचून झाला की वावरातली वाळकी झाडं उपटून आणायची आणि वर्षभर चुलीत घालायची, ही सगळ्या घरांची रीत. आमची गंजी माणसाहून उंच. दर साली नव्या पऱ्हाट्या जुन्यांवरच रचायच्या आणि जाळायला वरच्याच काढायच्या. खालचा थर कोणत्या सालचा होता हे सासूलाही सांगता आलं नसतं. गंजीचा तळ दिसला की त्या घरात अडचण येते, असं तिला तिच्या सासूने सांगितलं होतं, आणि तिने तो तळ आजवर दिसू दिला नव्हता.

मालक म्हणाले, "हे गंजी काय भिंतीहून कमी हाये? इलेच चौथी बाजू करू."

भाऊजी गंजीभोवती एकदा फिरून आले. "मले भरवसा वाटत नाही, दादा. गंजी तिकडं सरकवू आन इथी ताटी मारू. तुराट्या मी मांगून आनतो कोनाजोळून."

"तळ मोडाचा नाही," सासू म्हणाली.

"आन टाइम बी नाही," मालक म्हणाले. "सायेब येऊन राह्यले पाहाले."

साहेब आले. त्यांनी ताटीला हलकीच लाथ मारून पाहिली, जाळं ओढून पाहिलं, गंजीवर थाप मारली आणि म्हणाले, "वा! वाऱ्याचा आडोसाही झाला." माझ्या मालकांची छाती अशी फुगली की सदऱ्याची गुंडी तुटते की काय असं मला वाटलं.

मग कोंबड्या आल्या. दहा तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, आणि एक कोंबडा. धुतल्या धोतरासारख्या पांढऱ्या, आणि स्वभावाने भोळ्या. गावरान कोंबडीला घारीची नुसती सावली दिसली तरी ती पसार होते, या आपल्या मान वाकडी करून वर बघत राहायच्या. प्रत्येकीच्या पायात सरकारने घातलेला ॲल्युमिनियमचा छल्ला होता. त्या पाहायला सगळी वस्ती जमली. भाऊजींनी एकीला उचलून वजन केल्यासारखं हातावर तोललं आणि हसून म्हणाले, "वहिनी, हे पांढरी चवीले लय भारी लागत असन."

सगळे हसले, मीही हसले. भाऊजींना खायची आवड होती आणि त्यांनी ती कधी लपवली नव्हती. तितर धरून आणायचे, नाल्यातले खेकडे आणायचे, रस्सा पिताना डोळे मिटून घ्यायचे. पण ते वाक्य शेजारणीनेही ऐकलं, आणि आमची शेजारीण म्हणजे गावची दवंडी.

पहिला आठवडा छान गेला. एका सकाळी सासू सांदवाडीतून हात जोडतच आत आली. गंजीच्या बाजूने मुंगूस आडवं गेलं होतं. मुंगूस दिसणं म्हणजे शकून. शिवाय ते जवळपास असलं की साप फिरकत नाही. "तुह्या कोंबड्यायले राखनदार भेटला बाई," ती मला म्हणाली. आम्ही सगळे खूश झालो. बुद्धाची वंदना रोज म्हणणारं घर आमचं, पण शकून काही सुटले नव्हते.

त्यानंतर दोनच दिवसांनी संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात घालताना मला एक कमी भरली.

मी पुन्हा मोजल्या. राखेच्या कोपऱ्यात पाहिलं, खुराड्यामागे पाहिलं, जाळं बोटांनी चाचपलं. जाळं शाबूत, ताट्या शाबूत, दाराची दोरी जशी बांधली तशी. रक्ताचा थेंब नाही. चार-दोन पिसं होती, पण ती रोजच पडायची. मालक घरी आल्यावर त्यांना सांगितलं तर ते सायकलला धरून तसेच उभे राहिले.

त्या रात्रीपासून राखण सुरू झाली. सासरे बाहेर बाज टाकून, काठी उशाशी घेऊन. रात्री काही आलं नाही. आणि चौथ्या दिवशी दुसरी गेली, भर दुपारी.

दुपारी मी आणि सासू दुसऱ्यांच्या वावरात पऱ्हाट्या उपटायला जायचो. सासरे गुरांमागे, मालक कचेरीत. घरी फक्त भाऊजी असायचे, ओसरीवर झोपलेले. पहाटेपासून पोती वाहून आलेला माणूस, मेल्यासारखा झोपायचा. तिसरी गेली तेव्हाही ते घरीच होते.

शेजारणीने विचारलं, "काय वं, काल दुपारी तुमच्याकडून फोडनीचा वास येऊन राह्यला होता?" मी तिला असं काही सुनावलं की आठ दिवस तिने आमच्या बाजूला तोंड केलं नाही. पण वास आला म्हणून तिने जे गावभर पसरवलं ते काही मला पुसता आलं नाही. विहिरीवर गेलं की बायका गप्प व्हायच्या. मला त्या गप्प होण्याचा इतका संताप यायचा की घागर आपटून फोडावी वाटायची.

चौथी गेली त्या दिवशी कचेरीतल्या एका कारकुनाने माझ्या मालकांना चहा आणायला सांगितला, आणि ते वळले तेव्हा मागून म्हणाला, "काय रे, मसाला कोणता वापरता? आम्हालाही सांगा." साहेब आतच बसले होते. ते हसले नाहीत. त्यांनी मालकांना बोलावून एवढंच सांगितलं, की सोमवारी मी स्वतः येऊन मोजणार.

शनिवार होता तो. मालक घरी आले, हातपाय न धुता जेवायला बसले. शेजारी भाऊजी. मी वाढत होते. ज्वारीची भाकर आणि तुरीच्या डाळीचं वरण. मालकांनी घास मोडला नाही. भाऊजींकडे न बघता म्हणाले, "खाल्ली असशीन तर सांगून टाक."

भाऊजींना वाटलं भाकरीचं विचारतात. "खाऊनच राह्यलो ना," ते म्हणाले.

"कोंबडीचं म्हनतो मी. बाहेरून कोनी आलं नाही. दोरी तशीच, ताट्या तशाच. दुपारी घरी कोन असते? कुंपनच शेत खाऊन राह्यलं, तं राखन कोनाची करू मी?"

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. सासू म्हणाली, "काय बोलून राह्यला बे तू?" पण तिचा आवाज हवा तेवढा मोठा नव्हता, आणि ते भाऊजींना कळलं. त्यांनी आधी आईकडे पाहिलं, मग बापाकडे. सासरे खाली बघत होते. मग माझ्याकडे.

मी म्हणाले, "भाऊजीनं नाही खाल्ली." चुलीशी बसून, मोठ्याने, सासू-सासऱ्यांसमोर. दोन वर्षांच्या सुनेने नवऱ्याचं बोलणं खोडावं अशी तेव्हा पद्धत नव्हती. मालक माझ्यावर ओरडले, "तुले काय मालूम? तू असते का घरी?" खरंच होतं, मी नसायची. पण मी त्या माणसाला दोन वर्षं जेवू घालत होते. चोरून खाणारा माणूस जेवतो कसा आणि उजळ तोंडाने खाणारा जेवतो कसा, हे वाढणारीला कळतं.

भाऊजींनी ताटातच हात धुतला. अर्धी भाकर तशीच होती. "उद्या आइतवार हाये," ते म्हणाले. "तू घरीच राह्यशीन. उद्या मले त्या कोंबड्यायत कोंड. बाहेरून दोरी तूच बांध, दादा. तुह्या हातानं."

रविवारी स्टेशनवरून आल्यावर त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. चैत्र लागला होता, ऊन मी म्हणत होतं. ते वाकून त्या बाजेच्या दारातून आत गेले. मालकांनी दोरी बांधली, गाठीवर गाठ, गाठीवर गाठ, जसं काही आत वाघ आहे. मग ओट्यावर जाऊन पाठ करून बसले. मी कामाला गेले नव्हते. मागच्या दाराच्या फटीला डोळा लावून मी आत उभी राहिले.

भाऊजी घराच्या भिंतीला टेकून बसले. सावली त्यांच्यापासून सरकत गेली तरी हलले नाहीत. आधी कोंबड्या त्यांना बिचकल्या, मग त्यांच्या पायाशी दाणे टिपू लागल्या. एक तर त्यांच्या गुडघ्यावर चढून बसली. घाम त्यांच्या हनुवटीवरून टपकत होता आणि ते पुसत नव्हते. मला वाटलं ओरडून सांगावं, पुरे झालं, या बाहेर. पण हेही वाटत होतं, की आज काही दिसलं नाही तर हा माणूस या घरात पुन्हा मान वर करू शकणार नाही. उद्या साहेब येतील, मालकांची नोकरी जाईल, आणि दोघे भाऊ एकमेकांचं तोंड बघणार नाहीत. मी मनातल्या मनात त्या चोराला, जो कोण असेल त्याला, ये रे बाबा, ये, असं म्हणत होते.

कोंबड्याने आधी ओळखलं. त्याने घशातून कर्र आवाज काढला. कोंबड्या थबकल्या. भाऊजींची नजर गंजीकडे वळली, मान नाही. बुडाशी, दोन पऱ्हाट्यांच्या मधून, एक नाक बाहेर आलं होतं. मग लाल डोळे. मग सगळं लांबडं अंग, पाण्यासारखं, आवाज न करता. मुंगूस. आमच्या सासूचा शकून.

भाऊजी हलेनात. आता उडी मारा ना, मी म्हणतेय, आणि हे बसलेत. नंतर मला म्हणाले, "कुठी नेते ते पाहाचं होतं वहिनी. नुसतं मुंगूस दिसलं म्हनून कोनी मानलं असतं काय?" मुंगसाने सरळ एका तलंगीचा गळा धरला. ती ओरडूही शकली नाही. ते तिला मागे मागे ओढत गंजीकडे निघालं, आणि अर्धी कोंबडी पऱ्हाट्यांत गेल्यावर भाऊजींनी झेप घेतली. त्यांनी तिचा पाय धरला. हात खांद्यापर्यंत गंजीत गेला.

"दादा! ये दादा! पाह्य! डोयानं पाह्य!"

मालक धावले. दाराशी आले आणि त्यांच्याच गाठी त्यांना सुटेनात. आत भाऊजी ओरडतायत, कोंबड्या जाळ्याला धडका देतायत, आणि हे गाठीशी झटतायत. मी विळा घेऊन धावले आणि दोरी कापली. आत गेलो तेव्हा भाऊजींचा दंड पऱ्हाट्यांच्या टोकांनी सोलून निघाला होता. मुठीत तलंगीचा पाय होता, पायात छल्ला होता. कोंबडी मेलेली होती. त्यांनी ती मालकांच्या पायाशी टाकली.

"आता गंजी मोडा," ते म्हणाले.

सासू मधे आली नाही. ज्या तळासाठी तिने इतकी वर्षं राखण केली तो तिने स्वतः पऱ्हाट्या ओढून मोडायला घेतला, रडत. शेजारीपाजारी जमले. गंजीच्या अगदी खालच्या, मातकट झालेल्या थरात पोकळी निघाली. मुंगसाची मादी आणि तिची दोन पिलं पळाली. काठी कुणी उचलली नाही, सासऱ्यांनी तर वाट मोकळी करून दिली. पोकळीत पांढरी पिसं, हाडं, आणि छल्ले. एक सापडला. दुसरा सापडला. तिसरा सासऱ्यांनी मातीतून काढून धोतराला पुसला.

चौथा सापडेना.

मालक म्हणाले, "जाऊ दे. तीन भेटले ना. समजलं साऱ्यायले."

"काहून जाऊ दे?" भाऊजी म्हणाले. ते गुडघ्यांवर बसून एकेक पऱ्हाटी उचलून, झटकून बाजूला ठेवत होते. "चौथी माह्या पोटात हाये म्हनतीन ना मंग."

लोक एकेक करून निघून गेले. मी पाणी दिलं, ते भाऊजींनी घेतलं नाही. दंडावरचं रक्त वाळलं होतं. मग मीही पदर खोचून बसले, आणि आम्ही दोघांनी माती हातांनी चाळली. दिवेलागणीला तो छल्ला भिंतीच्या कडेला, घुशीच्या बिळाच्या तोंडाशी सापडला. भाऊजींनी तो थुंकी लावून पुसला, तो आणि मेलेल्या तलंगीच्या पायातला पाचवा, असे सगळे छल्ले ओट्यावर मालकांपुढे ओळीने मांडले, आणि स्टेशनवर कामाला निघून गेले.

सोमवारी साहेबांनी छल्ले पाहिले, मोडलेली गंजी पाहिली आणि मान डोलावली. नोकरी राहिली. गावात काही लोक म्हणालेच, की छल्ले काय, मागाहूनही टाकता येतात. त्यांच्या तोंडाला कोण हात लावणार! चौथ्या बाजूची ताटी भाऊजींनी त्याच आठवड्यात बांधली, तुराट्या मागून आणून. इतरांपेक्षा ती बाजू जास्त पक्की झाली. कोंबड्या अंड्यावर आल्या. पांढरी, मोठी अंडी. पहिलं अंडं मी उकडून भाऊजींच्या ताटात ठेवलं, तर त्यांनी ते उचलून अलगद ताटाबाहेर ठेवलं. रागाने नाही. जसा खडा काढून ठेवावा तसा.

त्यानंतर आमच्या घरात त्यांनी कधी अंडं खाल्लं नाही, कोंबडी खाल्ली नाही. बाहेर खात असत, त्यांच्या सासुरवाडीला खात असत, लग्नाकार्यात दोन-दोन वाट्या रस्सा पीत असत. आमच्या घरी वरणभाकर. बोलणं तसं बंद नव्हतं. शेत एकत्र केलं, मुलांची लग्नं एकत्र केली. माझे मालक मोठे हट्टी. त्यांनी भावासाठी सगळं केलं, त्याच्या पोराला नोकरीला चिकटवलं, त्याच्या घराला पत्रे घातले, पण एक वाक्य जे बोलायचं ते काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. मी कितीदा टोचलं. "मालूम हाये त्याले," एवढंच म्हणायचे. मालूम असणं आणि ऐकणं यांत फरक असतो, हे बायकांना कळतं तेवढं पुरुषांना का कळत नाही, कुणास ठाऊक.

भाऊजींना म्हातारपणी छातीचं दुखणं झालं. वाशीमच्या दवाखान्यात होते. डॉक्टर म्हणाले, अंगात ताकद नाही, अंडी द्या. त्या दिवशी माझ्या मालकांनी मला चुलीजवळ येऊ दिलं नाही. रिटायर झालेला, पंचाहत्तरीचा माणूस, स्वतः अंडी उकडली, फडक्यात बांधली, डब्यात ठेवली. दवाखान्यात खाटेशी बसून आपल्या बोटांनी सोलली. ज्यांना त्या दोरीच्या गाठी सुटल्या नव्हत्या तीच बोटं.

भाऊजी ते पाहत पडून होते. मग म्हणाले, "छल्ले मोजून घेतले का, दादा?"

मालकांचा हात थांबला. सोललेलं अंडं तळहातावर तसंच. खोलीत दुसरे रोगी होते, त्यांची माणसं होती, पण मला वाटतं आम्हा तिघांनाही तेव्हा ती सांदवाडीच दिसत होती. मालकांचा ओठ हलला, पुन्हा बंद झाला. मला वाटलं, यावेळीही हा माणूस गिळून टाकणार.

"चुकलं रे माह्यं," ते म्हणाले. "तवाच चुकलं होतं. वहिनीनं तुह्या सांगितलं होतं, म्या आयकलं नाही."

भाऊजी छताकडे बघत राहिले. मग कुशीवर वळून उठायला लागले, मी त्यांच्या पाठीला हात लावून बसवलं. त्यांनी ते अंडं मालकांच्या हातातून घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी, मीठ आनलं काय?"

मी पदराची गाठ सोडली.